पावण्यांची हलगी

आमच्या शेजारचा बाबालाल मुल्लाणी अमेरिकेतल्या खेळाडूंसाठी हलगी वाजवायचा. अमेरिकेत जाऊन नव्हे. कळंब्याजवळच्या आमच्या कॉलनीत, स्वतःच्या घरात, कॉम्प्युटरसमोर बसून. दुपारी जेवून सगळी कॉलनी आडवी झाली की भिंतीपलीकडून एकदम हलगी कडाडायची, थोडा वेळ चालायची आणि थांबायची. डोळा लागतोय तोवर पुन्हा सुरू. कॉलनीत नवीन आलेला माणूस वरात बघायला गेटपर्यंत जायचा आणि डोकं खाजवत परत यायचा.

ह्यावरून त्याच्याबद्दल दोन गोष्टी पसरल्या. एक, तो भरदुपारीच लावून बसतो. दुसरी, तो परदेशी मॅचवर सट्टा खेळतो आणि जिंकला की हलगी बडवतो. दोन्ही साफ खोट्या. त्या खोट्या आहेत हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि चहाच्या गाड्यावर कोणी त्या सांगायला लागलं की मी खाली बघून चहा फुंकत बसायचो. आता वय झालं. खरं काय होतं ते एकदा लिहून ठेवतो.

बाबालालनं आयुष्यभर टेम्पो चालवला. त्यात ऊस नाही, वाळू नाही. पैलवान. जत्रेच्या मैदानाला तालमीतली पोरं न्यायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. पैलवान मागं उघड्यावर आणि हलगीवाले पुढं केबिनमध्ये, अशी त्याची बसवण्याची रीत होती. पैलवान कुरकुरले की म्हणायचा, "गार वाऱ्यानं हलगी उतरतीया. तुमी काय उतरत न्हाईसा." मैदान संपेपर्यंत हलगीवाल्यांच्या सोबतीला बसून बसून तो स्वतः वाजवायला शिकला. लग्न केलं नाही. का, विचारलं की, "टेम्पोत जागा न्हवती." कबनूरला एक बहीण आहे, तिच्या घरचे माग चालतात. बाकी कोणी नाही.

टेम्पो विकल्यावर त्यानं जुन्या कुस्त्या बघायला म्हणून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. कुस्त्या अडकत अडकत चालायच्या. पण आधीच्या मालकानं आत एक खेळ ठेवला होता, तो मात्र झकास चालायचा. बेसबॉलचा. बाबालालला वाटलं क्रिकेट. पहिले काही दिवस तो रोज भिंतीजवळ येऊन तक्रार करायचा, की ह्या लोकांचा बॉल टप्पाच खात नाही, स्टंपा कुणीतरी काढून नेल्यात, आणि तोंडाला जाळी बांधलेला एकजण मागं उकिडवा बसून असतो. "असा बसलाय की आता पट काढणार. पण काढत न्हाय ओ आण्णा. नुसताच बसलाय."

मग त्याला खेळातली एक गोष्ट सापडली आणि तो हरखला. एकेक गडी बॅट घेऊन मैदानात यायला लागला की त्याच्या नावाचं गाणं वाजतं, आणि ते गाणं आपल्याला बदलता येतं. एका फोल्डरमध्ये आपला आवाज ठेवायचा, खेळाडूच्या नावापुढं तो निवडायचा, झालं. बाबालाल मोबाईल घेऊन गावभर आवाज गोळा करत हिंडला. एका आडदांड गड्याला त्यानं बहिणीकडच्या मागांची खडखड दिली. एक चपळ होता, त्याला टेम्पो सुरू होतानाचा आवाज. त्यासाठी टेम्पो विकत घेतलेल्या माणसाच्या घरी उचगावला गेला, आणि टेम्पो पहिल्या झटक्यात सुरू झाला नाही तेव्हा ह्यालाच बरं वाटलं. सतत बाद होणाऱ्या एकाला मटणाच्या दुकानातली खिमा कुटतानाची सुऱ्यांची टकटक. "त्येला कळंल तरी, पुढं काय हाय ते."

खेळ गाणं थोडाच वेळ वाजू द्यायचा. ह्यावर त्याचा फार राग होता. आमचा पैलवान तेवढ्यात नुसता शड्डू मारतो, मैदानात यायचा कधी, असं त्याचं म्हणणं. पण खरं भांडण वेगळंच निघालं.

गाणी फक्त घरच्या टीमला होती. समोरच्या टीमचा गडी आला की काहीच वाजायचं नाही. खेळ बनवणाऱ्यांनी तशी सोयच ठेवली नव्हती. बाबालालनं सगळी बटणं दाबून बघितली. मग एक दिवस भिंतीवर दोन्ही हात टेकून मला विचारलं, की बाहेरगावचा पैलवान आपल्या मैदानाला आला तर आपण काय करतो? मी म्हणालो, हलगी लावून आत घेतो. "व्हय की न्हाय? घरच्याला एकदा कमी वाजलं तरी चालतंय. पावणं रिकाम्या कानानं आत येतंय म्हंजे काय?"

दुसऱ्या दिवसापासून हलगी सुरू झाली. घरच्या टीमला कॉम्प्युटर वाजवायचा आणि पाहुण्यांच्या प्रत्येक गड्याला बाबालाल हातानं. गडी जागेवर उभा राहिला की हलगी खाली आणि खेळण्याचा रिमोट वर. ह्या घाईत त्याचं खेळाकडं दुर्लक्ष व्हायचं, आणि पाहुणे जिंकायचे. त्याचं त्याला काही नव्हतं. मला मात्र भिंतीपलीकडून न बघता बेसबॉल कळायला लागला. हलगी आली म्हणजे पाहुण्यांचा डाव, माग खडखडला म्हणजे घरचा.

त्याच सुमाराला त्यानं मला बोलावलं होतं. कॉम्प्युटरबरोबर दोन रिमोट आले होते. दुसऱ्याचं प्लास्टिकसुद्धा त्यानं काढलं नव्हतं. "तुमी पावण्यांची टीम घ्या, आण्णा. कॉम्प्युटर सोताच खेळतोय, त्येच्यात मजा न्हाय. समोर मानूस पायजे." मी येतो म्हणालो. नंतर भेटेल तेव्हा येतो म्हणायचो. मी वीज मंडळात अधिकारी होतो. निवृत्तीनंतर टेम्पोवाल्याच्या घरात बसून पोरांचा खेळ खेळायचा, हे मला जमण्यासारखं वाटत नव्हतं. दोन-चारदा विचारून त्यानं विचारणं सोडलं.

मग कॉलनीची सभा आली. पाण्याचं झालं, कुत्र्यांचं झालं, आणि कोणीतरी हलगीचा विषय काढला. सगळे हसले. हसण्यावारी गेलं असतं. मी उठलो आणि म्हणालो, "आमच्या घरात त्रास होतो. ह्यांना पुढं-मागं कोणी नाही म्हणून ह्यांनी काय कॉलनी डोक्यावर घ्यायची?"

आमच्या घरात म्हणजे कोणाला? माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. घरात मी आणि टीव्ही. हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबालालला तर होतंच. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडीची वाट न बघता टेम्पोत गादी टाकून त्यानंच नेलं होतं. तो एवढं एक वाक्य बोलला असता तर माझं तोंड बंद झालं असतं. तो उभा राहिला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "बराबर हाय आण्णांचं."

हलगी बंद झाली. आपण जिंकलो, म्हणून पहिल्या दुपारी मी झोपायला गेलो आणि पडून राहिलो. दुसऱ्या दुपारी तेच. माग खडखडायचे, टेम्पो सुरू व्हायचा, सुऱ्या वाजायच्या, आणि मग पाहुण्यांच्या डावात काहीच नाही. ती शांतता किती वेळ चालते ह्याकडे मी कान लावून पडायचो. पावसाळा गेला, दिवाळी झाली. समोरासमोर आलो तर तो आधीसारखाच "जेवलासा?" विचारायचा. मी मान हलवायचो.

शेवटी एका दुपारी मी नळासाठी पाना मागायला म्हणून त्याच्याकडं गेलो. माझा नळ ठीक होता. त्यानं पाना आणून हातात दिला. मी तो घेऊन तिथंच उभा राहिलो. त्याच्या पडद्यावर खेळ थांबलेला होता. मी विचारलं, पाहुण्यांची टीम मोकळी आहे का. त्यानं कपाटातून दुसरा रिमोट काढला, नखानं प्लास्टिक सोडवलं आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

पहिला डाव माझा. माझा गडी बॅट घेऊन चालत आला. आवाज नाही. मी खोलीभर नजर फिरवली. खुंटी रिकामी होती. हलगी कुठंय, विचारलं तर म्हणाला, उचगावच्या तालमीला दिली. पडून चामडं खराब होण्यापेक्षा वाजलेली बरी.

मी रिमोट धरून बसलो. माझा गडी मैदानाच्या मध्यावर आला तेव्हा शेजारी बारीक टकटक ऐकू आली. बाबालाल टेबलाच्या फळीवर दोन बोटांनी वाजवत होता. ठेका तोच, पण इतका हळू, की पंख्याच्या आवाजातसुद्धा तो शोधावा लागत होता. वाजवता वाजवता तो खिडकीतून माझ्या घराकडं बघत होता.

"जरा मोठ्यानं वाजवा की," मी म्हणालो.

"नगो. तिकडं तरास व्हईल."

"तिकडं कोण हाय?"

बोटं थांबली. त्यानं खिडकीवरची नजर काढून पडद्यावर ठेवली. "म्हाईत हाय, आण्णा," तो म्हणाला. "बॉल बगा."

मला बॉल दिसला नाही. माझा गडी बाद होऊन परत गेला. आत दुसरा निघाला होता. बाबालालनं खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि त्याच्यासाठी दोन्ही हातांनी वाजवायला सुरुवात केली.