दत्तारामच्या टाळूवरचा तांब्या

भर बाजारात, बोलता बोलता, स्वतःच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेणारा माणूस आमच्या डिचोलीत एकच होता. आमचा शेजारी दत्ताराम. मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. डोक्याचे केस, भुवया, पापण्या, सगळं दोन वर्षांत झडून गेलेलं. पाणी ओतायचा, तोंड पुसायचा आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचा.

"डोक्याक घाम येणा नाय, भाऊ. इंजिनाक पाणी नको?" हे त्याचं ठरलेलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोगाशी लढणारे शरीराचे शिपाईच घामाच्या ग्रंथींवर आणि केसांच्या मुळांवर उलटलेत, त्या मारामारीत दोन्ही गारद झाली. पण गावाला कोण समजावणार! मे महिन्यात सगळे निथळताहेत आणि हा कोरडा, म्हणजे कामचुकार! खाणीवरचा मुकादम तर तोंडावर म्हणाला, "घाम तरी दाखव!" माझं टाळकंच सटकलं. अरे, माणूस उन्हात लालबुंद होऊन चक्कर येऊन पडतो, आणि तुम्हाला घाम हवा? कोकणी की मराठी यावरून आम्ही एकमेकांची डोकी फोडली, गोवा घटक राज्यसुद्धा झालं, पण शेजाऱ्याचं डोकं समजून घ्यायची अक्कल काही आली नाही.

दत्ताराम हसायचा. "भाऊ, तुमी तापू नकात. तुमच्यार वतू काय तांब्यो?"

एकदा मात्र मी त्याच्यावरच भडकलो. रणरणत्या दुपारी तो आपल्या सहा वर्षांच्या शेवंताला तुळशीभोवती पळवत होता. "धाव गो! आजून एक फेरी!" पोर धापा टाकतेय आणि हा थांबायला तयार नाही. रोज हेच चालायचं म्हणे.

मी कुंपण ओलांडून गेलो. "लाज नाही वाटत? पोरीला मारतोस काय उन्हात?"

शेवंताला जवळ ओढून त्यानं तिच्या दाट केसांत बोटं घातली, टाळू चाचपली, मान चाचपली. मग ओला पंजा माझ्यापुढे धरला.

"घाम, भाऊ. बघा, भिजली सगळी." "माझो आधी घाम सुकलो, मगे केस गेले. डॉक्टर म्हणता, पोरांका ह्या दुखणा येतलाच असा नाय, पण येऊ शकता. म्हणान मिया रोज बघतंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि स्वतःचीच लाज वाटली. मी तुळशीपाशी ठेवलेला त्याचा तांब्या उचलला, आधी शेवंताला पाणी पाजलं आणि उरलेलं त्याच्या डोक्यावर ओतलं.

त्या दिवशी त्यानं तोंड पुसलं नाही; पाणी आणि आसवं एकत्रच ओघळू दिली.