वरची मूठ

प्यो इनसॉक यांनी बाजारात जायचं ठरवलं तेव्हा त्यांची बायको पाय प्लास्टरमध्ये घालून गादीवर बसली होती, त्यामुळे तिला उठून त्यांना अडवता आलं नाही. पुढे जे झालं त्याचा सगळा दोष त्या प्लास्टरचा, असं इनसॉक आजही ठासून सांगतात.

"त्यात एवढं आहे काय? मिठाई घ्यायची, पैसे द्यायचे, घरी यायचं," ते म्हणाले. (ज्या माणसानं जन्मात एक कांदा विकत आणलेला नाही त्यालाच अशी वाक्यं सुचतात.)

प्रसंग साधा नव्हता. त्यांच्या मुलीचं, सेरोमचं, लग्न ठरू घातलं होतं आणि मुलाचे आईवडील दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा भेटायला येणार होते. अशा भेटी कोरियातल्या जॉन्जू शहरात हॉटेलातल्या बंद खोलीत होतात, म्हणजे कोणाला कोणाचं घर बघावं लागत नाही. पण प्लास्टरमुळे पाहुणे घरीच यायचे ठरले. होणाऱ्या विहीणबाई दाम्यांग गावच्या. त्यांच्या आईच्या हातचा याकग्वा, म्हणजे तेलात तळून मधात मुरवलेली फुलाच्या आकाराची मिठाई, पंचक्रोशीत नावाजलेला होता. एका लग्नात विहीणबाईंनी याकग्व्याचा एक घास घेतला आणि "तेल दुसऱ्यांदा तापवलंय" एवढंच म्हणाल्या. आचारी पंगत संपायच्या आत गाव सोडून गेला म्हणतात. त्यात या स्थळाबद्दल त्यांचं मन आधीच साशंक होतं. वर्तमानपत्रवाल्याची मुलगी, त्या घरात कोण कोणाला बोलू देत असेल, असं त्या म्हणाल्याचं सेरोमच्या कानावर आलं होतं.

तेव्हा उद्याचा याकग्वा ही मिठाई नव्हती, परीक्षा होती.

आणि परीक्षेला निघाले होते इनसॉक. तीस वर्षं त्यांनी शहरातल्या दैनिकात काढली, सणासुदीला साहेबांच्या घरी पोचणाऱ्या भेटींच्या पेट्यांवर लेखमाला लिहिल्या, आणि स्वतः कोणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही. सख्ख्या मेहुण्यानं स्वतःच्या बागेतल्या नाशपातींची पेटी पाठवली, तीही त्यांनी परत धाडली. मेहुणा अजून बोलत नाही. (पेटी परत जाण्याआधी मालसुकनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यातल्या चांगल्या चांगल्या काढून घेतल्या होत्या. हे त्यांना अजून ठाऊक नाही.)

मालसुकनं त्यांना समोर बसवलं आणि बाजारात बोलायची भाषा शिकवायला घेतली. पुलाजवळच्या दॉकसूनच्या दुकानात जायचं. तिला 'मावशी' म्हणायचं. 'बाई' नाही, 'काकू' तर मुळीच नाही. ती काडीला टोचून तुकडा पुढे करेल, तो खायचा. खाल्ल्यावर लगेच 'छान आहे' म्हणायचं नाही, जरा थांबायचं आणि म्हणायचं, 'जरा गोडच आहे.' मग घ्यायचं. आणि निघताना म्हणायचं, 'मावशी, वर थोडं घाला.'

"म्हणजे लाच मागायची," इनसॉक म्हणाले.

"लाच नाही, दॉम. मापाच्या वर एक मूठ. सगळ्यांना देतात."

"सगळ्यांना देतात म्हणून तर देशाची ही अवस्था आहे."

"सेरोमचे बाबा, देशाचं नंतर बघा. तुकडा खाल्ल्याशिवाय घेऊ नका. आणि माझं नाव सांगा, ती ओळखते मला."

ओळख सांगून खरेदी करणं म्हणजे वशिला, असं बजावून इनसॉक उठले आणि सूट घालून बाजारात गेले.

पूल ओलांडला की दॉकसून मावशीचं दुकान. पुढच्या फळीवर याकग्व्यांचा एक मनोरा रचलेला होता. फूल फुलावर बसवलेलं, एकेक पाकळी तुपाळ चमकणारी, वरून पारदर्शक कागद आणि लाल फीत. मागे पत्र्याच्या ट्रेमध्ये दुसरे याकग्वे होते, एक जरा काळसर, एक जरा वाकडा, जसे हातानं केलेले असतात तसे. इनसॉक यांच्या अनुभवी नजरेनं सगळा कट एका क्षणात ओळखला. चांगला माल पुढे, हिणकस मागे.

"बाई, हा समोरचा द्या."

"तो बघण्यातला आहे हो. खायचा आत आहे. हा घ्या, चव बघा." मावशीनं काडी थेट त्यांच्या ओठापर्यंत आणली.

इनसॉकनी तोंड घट्ट मिटून मान मागे घेतली. काडी पुढे आली. मान आणखी मागे गेली. समोरचा मासेवाला सुरी थांबवून बघायला लागला.

"मी फुकटचं खात नाही," ते म्हणाले. "आणि बघायला एक, खायला दुसरं, हे माझ्यापुढे चालणार नाही. जो मांडलाय तोच द्यायचा."

मावशीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. पांढरे केस, जुना सूट, सोबत ना मुलगा ना सून. तिच्या लक्षात आलं. वडीलधाऱ्यांच्या साठी-सत्तरीला टेबलावर असे मनोरे मांडायची रीत आहे, आणि हल्ली खऱ्या मिठाईचे मनोरे रचतो कोण? रंगवलेल्या प्लास्टिकचे भाड्यानं नेतात. बिचारा स्वतःच्या साठीचा मनोरा न्यायला स्वतःच आला होता.

"घरी कार्य आहे का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"उद्याच आहे."

"मग असं सांगा की. मांडायला हवाय."

"मांडायलाच. दुसरं काय करणार त्याचं?"

"फोटो निघतील. छान दिसेल. सोमवारी परत आणा म्हणजे झालं. फक्त ओरखडा नको."

इनसॉक चकित झाले. "तुम्ही परत घेता?"

"घेणारच. नाही तर आमचं दुकान कसं चालेल?"

तीस वर्षांत त्यांना इतका प्रामाणिक व्यापारी भेटला नव्हता. तिनं सांगितलेली किंमत तर इतकी कमी होती की ही सवलत आपल्यापुरती नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. सगळ्यांना हाच दर, मावशी म्हणाली. इनसॉकनी पैसे दिले. ग्राहकानं ठाम राहिलं की बाजार सरळ होतो, हे त्यांनी कितीदा लिहिलं होतं, आज डोळ्यांनी बघितलं.

मावशीनं मनोरा मोठ्या रेशमी रुमालात ठेवला आणि ट्रेमधले मूठभर याकग्वे कागदात गुंडाळून त्याच्या शेजारी टाकले. "हे वर."

इनसॉकनी पुडी उचलून फळीवर ठेवली. मावशीनं ती परत रुमालात टाकली. त्यांनी परत काढली.

"घ्या की हो, मावशीचा हात दुखेल," मासेवाला म्हणाला.

त्यावर इनसॉक त्याच्याकडे वळले, आणि मग गल्लीकडेच वळले. फुकटच्या मुठीनं सुरुवात होते, मग पेटी येते, मग पाकीट येतं, मग पूल पडतो, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणता पूल, असं एका बाईनं विचारलं. कोणताही, ते म्हणाले. बोलणं संपवून ते वळले तोवर मावशीनं रुमालाला गाठ मारून बोचकं तयार ठेवलं होतं. मध्ये एक शब्द न बोलता इतका वेळ ऐकून घेणारं माणूस त्यांना घरी कधी मिळालं नव्हतं.

घरी मालसुकनं पहिला प्रश्न विचारला, "चव बघितली?"

"चव बघायची गरज नाही. न आवडल्यास सोमवारपर्यंत परत घेणार आहे."

"याकग्वा परत घेतात? मला बघू दे."

"उघडायचं नाही. ओरखडा आला तर परत घेणार नाही, असं ठरलंय." आणि ते बोचकं त्यांनी कपाटावर ठेवलं, जिथं प्लास्टरचा पाय पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील नामगुंग गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, बोलण्यात इतके मऊ की वर्गात कोणाला नापास करतानाही आधी क्षमा मागत. विहीणबाई गुरुजींच्या निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट सरळ पाठीच्या. मुलगा, हानग्योल, सेरोमकडे न बघायचा प्रयत्न करत होता. इनसॉकनी बोचकं खाली काढलं, चार गाठींचा रुमाल सैल केला, मनोऱ्याचा कागद उतरवला आणि मनोरा मधोमध ठेवला.

विहीणबाई पुढे झुकल्या. "किती सारखे आहेत," त्या म्हणाल्या.

"बाजारातून हट्टानं समोरचेच आणले," इनसॉक म्हणाले, आणि प्रामाणिक व्यापार या विषयावर थोडं बोलले. मालसुकनं दोनदा खोकून पाहिलं.

सगळ्यात वडील गुरुजी, तेव्हा त्यांनी आधी खायचं. गुरुजींनी फूल उचललं आणि दात लावले. दात थांबले. गुरुजींनी डोळे मिटून जोर केला. त्यांच्या कानापाशी एक शीर उभी राहिली. आयुष्यात त्यांनी कोणत्याही यजमानाला वाईट म्हटलं नव्हतं, आणि या वयात सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती.

"कसदार आहे," ते म्हणाले आणि फूल हळूच कपाच्या मागे ठेवलं.

वडिलांनी वाखाणलं म्हटल्यावर हानग्योलला घ्यावंच लागलं. त्याच्या तोंडातून 'टक' असा आवाज आला. सेरोमनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग बापाकडे.

आता विहीणबाईंनी एक उचललं. त्यांनी ते तोंडाजवळ नेलंच नाही. नखानं वाजवलं. उलटं केलं. तळाला दुकानाचं नाव छापलेली चिकटपट्टी होती.

"हा मनोरा माझ्या भावाच्या सत्तरीला होता," त्या म्हणाल्या.

मालसुकनं प्लास्टरचा पाय किंचित उचलला, आणि तो कोणावर घालायचा याचा विचार करून खाली ठेवला. सेरोमचे डोळे भरून आले होते.

"ही फसवणूक आहे," इनसॉक म्हणाले. "हे छापून आणलं पाहिजे."

"दुकानवाली नेमकं काय म्हणाली?" विहीणबाईंनी विचारलं.

इथे इनसॉक यांची तीस वर्षांची सवय आडवी आली. समोरच्याचं वाक्य त्यांना कधी बदलता येत नसे. "ती म्हणाली," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "'तो बघण्यातला आहे हो. खायचा आत आहे.'" मग आवाज जरा खाली आला. "'हा घ्या, चव बघा.'" आणखी खाली. "'मांडायला हवाय.' मी म्हणालो, मांडायलाच." शेवटचं 'सोमवारी परत आणा' हे फक्त गुरुजींना ऐकू गेलं, आणि तेही जवळ बसले होते म्हणून.

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "आणि वर काही दिलं नाही तिनं?"

"देत होती. मी घेतलं नाही."

"व्याही, तुम्ही घेतलं नाही म्हणून तिनं दिलं नाही, असं थोडंच आहे?" असं म्हणून त्यांनी रुमाल स्वतःकडे ओढला आणि पसरलेल्या घड्या उलगडल्या. तळाच्या घडीत कागदाची पुडी होती. आत ते काळसर, वाकडे, मधानं चिकटलेले याकग्वे.

विहीणबाई मग हसल्या. आधी खांदे हसले, मग सगळ्याच हसल्या, आणि त्या हसताहेत हे बघून गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकत कपामागचं फूल पुढे आणून ठेवलं. त्यावर दातांची पूर्ण ओळ उमटलेली होती.

विहीणबाईंनी खरा याकग्वा कापला, एक तुकडा काडीला टोचला आणि इनसॉक यांच्या ओठापर्यंत आणला. "व्याही, आ करा."

फुकटचा. इनसॉक यांच्या डोळ्यांसमोरून तीस वर्षं गेली, नाशपातींची पेटीसुद्धा गेली. मग त्यांना सेरोम दिसली. त्यांनी तोंड उघडलं.

आल्याची झणझण, तिळाच्या तेलाचा वास, मग मध. सगळे त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या क्षणी त्यांना मिठाईबद्दलचं एकच वाक्य आठवलं, जे कालच पाठ केलं होतं.

"जरा गोडच आहे," ते म्हणाले.

मालसुकनं डोळे मिटून घेतले.

विहीणबाईंनी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "मधाचा हात जड पडलाय खरा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, या घरात नुसती तोंडं असतील. जीभसुद्धा आहे." आणि चहा संपायच्या आत लग्न वसंतात करायचं ठरलं.

सोमवारी मालसुकनं इनसॉकना पुन्हा बाजारात धाडलं. मनोरा परत द्यायचा होता आणि विहीणबाईंना पाठवायला खऱ्या याकग्व्याची पेटी आणायची होती. दॉकसून मावशीनं मनोरा फिरवून फिरवून बघितला आणि एका फुलापाशी थांबली.

"हे चावलंय."

"व्याह्यांनी."

"उपाशी होते का?"

"सभ्य आहेत," इनसॉक म्हणाले.

ट्रेमधल्या मिठाईचा तुकडा काडीला टोचून मावशीनं पुढे केला. इनसॉकनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मासेवाला सुरी थांबवून उभा होता. पुलाबद्दल विचारणारी बाईसुद्धा होती. त्यांनी तोंड उघडलं, चावलं, शिकवल्याप्रमाणे जरा थांबले.

"जरा गोडच आहे, मावशी."

मावशीनं पेटी भरली. पैसे दिले-घेतले गेले. आता एकच वाक्य उरलं होतं, आणि ते घशातून वर यायला फार वेळ लागला.

"मावशी," इनसॉक म्हणाले, "वर थोडं घाला."

सगळी गल्ली कान देऊन उभी होती. मावशीनं मान डोलावली, मनोऱ्यावरचं ते दातांचं फूल काढलं आणि पेटीवर ठेवलं.

"हे वर," ती म्हणाली.

इनसॉकनी ते उचलून परत फळीवर ठेवायला हात पुढे केला, पण मावशीनं पेटीच्या रुमालाला गाठ मारली होती.