मोठ्या गाळणीने मैनेचे लग्न अडविले, ती हकीकत

श्रीमंगलमूर्ती, श्रीकुलस्वामी मल्हारी, आणि जिच्या दयेने चूल पेटते, दिवा तेवतो व चाक फिरते ती आदिमाया, यांचे चरणी मस्तक ठेवोन हे वर्तमान लिहिले. ऐकणाराचे घरी सौख्य असो. शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, महाराजांची स्वारी सीमोल्लंघनास निघाली. या राज्यास हत्ती नाहीत, घोडे नाहीत, परंतु मालट्रकांचे दळ अफाट, आणि त्यावरच दौलत चाललेली. महाराज पाहतात तो निम्मे दळ झेंडूच्या माळा लेवोन, बोनेट उघडोन, कारखान्यापुढे उभे. मग भिकाजीपंत कारखानीस यांस पुसिले, "पंत, मुलूखगिरीस जावयाचे ते हे वीर इथे जांभया का देत बसले आहेत?" पंत हात जोडोन बोलिले, "सरकार, वाटा धुळीच्या. धूळ, काजळी आणि लोखंडाचा कीस इंजिनाच्या तेलात उतरतो, आणि तो धरावयास एक गाळणी असते, तीस आमच्यात फिल्टर म्हणतात. ती लोट्याएवढी. लवकर तुंबते, मग तेल बदला, गाळणी बदला, आणि त्यासाठी गाडी घरी आणा. परंतु आटे तेच, तोंड तेच, अंगाने मात्र कळशीएवढी, ऐशी गाळणी मिळते. ती बसविली तर कचरा अधिक मावेल, तेलही अधिक राहील, आणि गाडी दुप्पट पल्ला मारोन येईल." महाराजांस आनंद जाहला. म्हणाले, "लोट्याची कळशी करा. आणि मुदतीआधी कोणी तेलाचा थेंब बदलील त्यास सजा." मग जो जो ट्रक घरी येई त्याची लहान गाळणी उतरे आणि मोठी चढे, पंत स्वतः रबरी कड्यास बोटाने तेल लावीत, हाताने आवळीत, आणि वर कुंकवाचे बोट ओढीत. राज्यात मोठा उत्साह जाहला.

परंतु एक गोष्ट कोणाचेच ध्यानी आली नाही, ती ऐशी. त्या नगरात ड्रायव्हर लोकांची वस्ती, आणि तेल बदलावयास गाडी येई तेव्हाच धनी घरी येई, म्हणोन पिढीजात चाल पडली होती की बारसे, जावळ, साखरपुडा, लग्न, सर्वांची गणती तेलपालटीवर करावयाची. पंचांग देव्हाऱ्यात, कॅलेंडर भिंतीवर, आणि व्यवहार सगळा तेलपालटीवर. "पोरगी किती महिन्यांची?" पुसिले तर "तिसरी तेलपालट चालू आहे," ऐसे आया सांगत. त्याच वस्तीत येसाजी ढमाले नावाचा जुना ड्रायव्हर, त्याची बायको म्हाळसाबाई. बाई मोठी देवभोळी, नित्य तुळशीस पाणी, मल्हारीस भंडारा, वाराचे उपास, आणि बोलणे इतके हळू की शेजारीण म्हणे, "म्हाळसाबाईंचा आवाज ऐकावा तो भांडी घासायची थांबवून." त्यांची लेक मैना. तिची सोयरीक शेजारच्या मुलखात खैरमोड्यांकडे जुळली, तेही ट्रकवालेच, आणि ज्येष्ठात सुपारी फुटली तेव्हा देवापुढे शब्द ठरला की दसऱ्यानंतरची दुसरी तेलपालट होईल ते दिवशी लग्न. पहिली तेलपालट कार्तिकात जाहली, तीत येसाजीच्या गाडीस मोठी गाळणी बसली आणि तो दूर गेला. दुसरी आता माघाशिवाय नाही. म्हाळसाबाई निवांत पापड लाटीत बसल्या. येसाजीही लांबच्या मुलखात निवांत.

खैरमोड्यांच्या मुलखात मात्र अजून लोट्याएवढ्याच गाळण्या होत्या. त्यांची दुसरी तेलपालट मार्गशीर्षात जाहली, आणि शुद्ध पंचमीस, म्हाळसाबाई उद्याच्या चंपाषष्ठीची वांगी निवडीत असता, दारात वाजंत्री वाजली. पाहतात तो पाच ट्रक भरोन वऱ्हाड! पुढे नवरदेवाचे थोरले चुलते आबाजी खैरमोडे, डोईस तुरा, पायात नव्या करकरीत मोजड्या. म्हणाले, "विहीणबाई, मांडव कुठे? आणि आमचे व्याही कुठे?" बाईंच्या हातचे वांगे गळोन पडले. बोलिल्या, "अहो, आमची तेलपालट कुठे झाली अजून?" आबाजी म्हणाले, "आमची झाली की! तेलपालट म्हणजे तेलपालट, ती काय आंब्याचा मोहोर आहे, आमच्याकडे आधी आणि तुमच्याकडे मागून?" मागून एक वऱ्हाडीण बोलली, "पोरगी द्यायची नसेल तर सरळ सांगा बाई, इंजिनाच्या नावानं कशाला?" मग आबाजींनी निर्वाणीचे सांगितले, "देवापुढचा शब्द आहे. उद्या तुमच्या गाडीचे तेल बदलले, कन्यादानाला बाप उभा राहिला, तर अक्षता टाकू. नाहीतर आल्या पावली माघारी, आणि सोयरीक मोडली." मैना आतल्या दाराआड उभी होती, तिने हातातली हळकुंडाची परात खाली ठेवली, ती ठेवणे बाईंच्या काळजास लागले.

मग म्हाळसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मल्हारीपुढे भंडारा वाहिला, आणि दरबारात गेल्या. बाई हळू बोलत, म्हणोन दरबारास गप्प बसणे प्राप्त जाहले. भालदार चोपदारसुद्धा श्वास धरोन राहिले. वर्तमान ऐकोन महाराजांस कळवळा आला, परंतु आज्ञा त्यांचीच. म्हणाले, "मुदतीआधी तेल बदलू नये ऐसे मीच बोललो. आज तुम्हांस सूट दिली तर उद्या ज्याच्या घरी पुरणपोळी तो गाडी घेऊन हजर होईल." बाई बोलिल्या, "खरंय सरकार. मला सूट नको. मी एक विचारू? या मोठ्या गाळण्या सगळ्या दळाला लावल्या, पण त्या खरंच कचरा धरतात का, हे कुणी उघडून पाहिलंय?" महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी छताकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "नाही, आपण भात लावतो तेव्हा मधेच एक शीत काढून दाबून बघतो. सगळा भात करपल्यावर झाकण काढून काय उपयोग? एक गाडी अर्ध्या वाटेवर बोलवावी, गाळणी कापून पाहावी." महाराज मांडीवर थाप मारोन बोलिले, "वाहवा! आणि ती गाडी कोणाची?" बाई खाली पाहोन म्हणाल्या, "ते सरकारांनी ठरवावं. आमची वाटेवरच आहे." दरबार हसला. मग नाक्यानाक्यावर, ढाब्याढाब्यावर निरोप गेले, की येसाजी ढमाले याने असेल तैसे निघोन यावे.

दुसरे दिवशी दोन प्रहरी येसाजी गाडीसह आला, दाढी वाढलेली, डोळे धुळीने लाल. मैनेने ओवाळले तेव्हा त्यास काय ते कळले, आणि तो म्हणाला, "अगं, मला वाटलं इंजिनाचंच काही बिघडलं!" मग रातोरात घातलेल्या मांडवातच गाडी घेतली, तळाचे बूच काढले, घमेल्यात तेल उतरविले, आणि पंतांनी मोठी गाळणी फिरवोन काढली, पत्रा कापिला, आतला घडीघडीचा कागद उलगडला. परीक्षेस आलेले महाराज जातीने वाकोन पाहू लागले, व्याही पाहू लागले, सनईवालाही पिपाणी काखेत धरोन डोकावला. तो वरच्या घड्या काळ्याभोर, कचरा धरलेला, आणि आतल्या घड्या स्वच्छ, अजून तेवढाच मावेल ऐशा. पंतांनी दोन बोटांत तेल चोळोन पाहिले आणि उड्या मारू लागले, "जिंकलो! तेल खणखणीत आहे सरकार! नवी गाळणी लावा, आणि हेच तेल पुन्हा आत ओता. बदलायचे कारणच नाही!"

आबाजींनी तुरा सारखा केला आणि बोलिले, "म्हणजे जुनेच तेल जुन्याच इंजिनात? मग ही तेलपालट कसली? चला रे, गाड्या वळवा." मैनेच्या हातात माळ होती ती तशीच राहिली. महाराज चुळबुळले, परंतु गाळणी खरी ठरली तर मुदतीआधी तेल न बदलण्याची आज्ञाही खरी ठरली. ते समयी म्हाळसाबाई, ज्या चार माणसांत धन्याकडे कधी मान वर करोन पाहत नसत, त्यांनी येसाजीकडे पाहिले. मग घमेल्याकडे पाहिले. मग पुन्हा येसाजीकडे. येसाजी महाराजांस मुजरा करावयास ऐसा पुढे आला, वाकला, आणि घमेले उलटे! तेलाचा लोंढा जो निघाला तो थेट आबाजींच्या मोजड्यांखाली, आणि आबाजी एका पायावर नाचत मांडवाच्या खांबास मिठी मारोन राहिले.

महाराजांनी भिवया चढवोन पुसिले, "येसाजी, पाय घसरला की लाथ मारलीस?" येसाजी म्हणाला, "सरकार, ती जमीन जरा..." महाराजांनी बाईंकडे पाहिले. "तुम्ही सांगा." बाईंचे ओठ हलले. सगळा मांडव पुढे झुकला, आबाजीसुद्धा खांब धरोन झुकले. बाई म्हणाल्या, "लाथच मारली, सरकार. आणि मारा म्हणून मीच खुणावलं."

तेव्हा महाराज जे हसले ते फेटा सुटेतो हसले, आणि आबाजी खांबास धरोन हसले, म्हणाले, "विहीण जबर आहे! अशा घरची पोरगी सोडली तर आमचाच तोटा." इंजिन कोरडे ठेविता येईना, म्हणोन पंतांनी मोठ्या कष्टाने नवे तेल ओतिले, आणि तेल पालटले तैशी वाजंत्री वाजली. येसाजीने हात धुवोन कन्यादान केले. अक्षता वधूवरांवर पडल्या त्या निम्म्या बोनेटावरही पडल्या, आणि पंगतीस भरीत-रोडगे ऐसे वाढले की वऱ्हाडी मंडळी गाळणीचा जयजयकार करीत उठली. मग महाराजांनी गंभीर होवोन सजा फर्माविली: "आज्ञा मोडली ती मोडलीच. येसाजी ढमाले यास त्याच्याच घरी कैद. लेकीची पाठवणी, मांडवपरतणी, जावयाचे पहिले सणवार, सर्व होईतो उंबरठा ओलांडील तर खबरदार. पहाऱ्यावर म्हाळसाबाई."

एवंच, मोठी गाळणी खरी ठरली, ती राज्यात कायम जाहली. पंतांस शेला मिळाला. आणि दर ट्रकाने अर्ध्या पल्ल्यावर घरी येवोन शिताची परीक्षा द्यावी ऐसा नियम जाहला, त्यात गाळणी किती पाहिली जाते हे वस्तीतल्या बायाच जाणोत. येसाजीची सजा मात्र संपली तरी पहारेकरीण कैद्यास सोडीना, म्हणोन कारखान्यातून तीन वेळा माणूस धाडावा लागला. श्री मल्हारी सर्वांस ऐशी कैद घडवो. लेखनसीमा.