शेवड्यांची कट्टी

“काका, तनूला खेळायला सोडता का?”

रोज संध्याकाळी सव्वासहाला ही हाक खालून यायची. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. हाक मारणारे शेवडे सेहेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं, एका मंत्रालयात असिस्टंट होते आणि आर. के. पुरममध्ये आमच्याच ब्लॉकच्या तळमजल्यावर राहत.

तनू माझी मुलगी, वय नऊ. माझी बदली दिल्लीला झाली, बायकोची नोकरी साताऱ्यातच राहिली. तनूच्या हिंदीला ब्लॉकमधली मुलं हसत, खेळात घेत नसत. ती दोनला शाळेतून येई, मी सहाला. मधले चार तास ती खिडकीत बसून शेवड्यांची वाट बघायची.

शेवडे लूडोत उघड चोरी करत. फासा टेबलाखाली पाडायचा, स्वतःच वाकायचं आणि ओरडायचं, “सहा!” एका रविवारी मी मोजलं. फासा सात वेळा टेबलाखाली गेला, सातही वेळा सहा.

“शेवडे, तू चीटिंग केलीस!”

“मी? यार, फासा काय माझा नोकर आहे?”

तिने अरेतुरे करावं हा नियम त्यांचाच. “अंकल म्हणालीस तर कायमची कट्टी.” हरले की ते खरोखर रुसत, दोन-दोन दिवस. मग दाराखालून चिठ्ठी सरकायची : ‘विषय : कट्टी संपवण्याबाबत. मंजुरीसाठी सादर.’ तनू खाली लिहायची : ‘उद्या बघू.’ एवढं हसताना मी तिला दिल्लीत दुसऱ्या कुणाबरोबर पाहिलं नाही.

सहामाहीत तिला गणितात पन्नासपैकी एकोणीस मिळाले. मी खाली गेलो. शेवडे जमिनीवर बसून तिच्यासाठी पतंगाला शेपूट चिकटवत होते.

“शेवडे, तिचं वय आहे खेळायचं. तुमचं काय? लोक काय म्हणतील?”

मी चार मुद्दे काढून नेले होते. पहिल्यालाच ते उठून उभे राहिले. बोटांना खळ तशीच.

“बिल्कुल बरोबर. माझ्या लक्षातच आलं नाही.”

बारा दिवस हाक आली नाही. तनू मात्र सव्वासहाला खिडकीत असायची. तेराव्या दिवशी शेवडे जिना चढून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात अर्धा किलो बर्फी. खुर्चीत ताठ बसले आणि महागाई भत्त्याबद्दल बोलू लागले. आवाज ऐकून तनू लूडोचा पट घेऊन धावत आली.

शेवड्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “काय बेटा, अभ्यास कसा चाललाय?”

तनूने पट मिटला.

“ठीक चाललाय, अंकल,” म्हणाली आणि पट घेऊन आत गेली.

“शहाणी मुलगी आहे,” ते म्हणाले. आतल्या दाराकडे बघत त्यांनी चहा संपवला आणि गेले. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी बर्फीचा डबा झाकत राहिलो.

थोड्या वेळाने तनू न सांगता गणिताचं पुस्तक घेऊन आली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. तासाभरात एक शब्दही उलट नाही. शेवटी न राहवून मी एक उत्तर मुद्दाम चुकीचं सांगितलं, सात नव्वे चोपन्न.

तिने ते तसंच लिहून घेतलं.