ज्याचं घोडं, त्याची लीद

सिंगापूरला आलेला पाहुणा पहिल्या दिवशी उंच इमारती बघतो, समुद्र बघतो, सुनेने ठरवून ठेवलेलं सगळं बघतो. आप्पा कोठावळ्यांनी पहिल्या दिवशी आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यावरची कचऱ्याची खोली बघितली. सफाई कामगार दार उघडं टाकून गाडी ढकलत बाहेर पडला आणि तेवढ्यात आप्पा आत शिरले. मी लिफ्टसाठी उभा होतो. दोन मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मयताहून आल्यासारखा होता.

"वास नाही हो," ते मला म्हणाले.

ही आमची पहिली ओळख.

आप्पा म्हणजे माझ्या शेजारच्या मंदारचे वडील. सांगलीकडच्या एका नगरपालिकेत चौतीस वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टर. काकू गेल्यावर मंदारने त्यांना सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात आपल्या फ्लॅटवर आणलं. त्याचा हेतू चांगला होता, पण परिणाम वाघाला दुधाच्या डेअरीत सोडल्यासारखा झाला. चौतीस वर्षं ज्या माणसाने घाण शोधली, त्याला अशा गावात आणलं की जिथे घाणच नाही.

सकाळी सहाला आप्पा फिरायला निघत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रेघांच्या कागदांचं पॅड. ते पॅड त्यांनी गावाहून बांधून आणलं होतं. उघड्या गटारावर वाकून ते आत बघत आणि हताश होऊन सरळ होत.

"देवधर, गटारात मासे आहेत."

"हो, असतात इथे."

"जिवंत आहेत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात व्यक्तिगत अपमान होता.

ते मला 'देवधर' म्हणत, कारण ऑफिसात सगळ्यांना आडनावानेच हाक मारायची सवय. बोलणंही तसंच. जेवायला बसताना "सुरुवात करण्यास हरकत नाही" म्हणत, आणि वरण तिखट झालं तर सुनेला "नोंद घ्या" म्हणत.

एकदा त्यांना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला नेलं. मी डोसे आणायला गेलो तेवढ्यात आप्पांना शेजारच्या टेबलावर टिश्यूचं एक पाकीट पडलेलं दिसलं. इथे जागा धरायची तीच पद्धत. पाकीट ठेवायचं आणि रांगेत जायचं. आप्पांनी ते दोन बोटांत धरून 'बेवारस' म्हणून जप्त केलं. ती जागा दुसऱ्या कुणीतरी धरली. पाच मिनिटांनी हातात गरमागरम सूपचा वाडगा घेऊन एक चिनी आजीबाई आल्या, आणि त्यांनी आप्पांकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. शेवटी त्यांना आमच्या टेबलावर बसवलं. आप्पांनी पाकीट परत दिलं, पण त्याआधी 'माल ताब्यात मिळाला' म्हणून त्यांची सही मागितली.

ही गोष्ट दोन हजार सोळा-सतरा सालातली. त्याच सुमारास एका शनिवारी सकाळी मंदार, आप्पा आणि मी ताजी भाजी आणायला गेलो. चोआ चू कांगच्या मागे बसने अर्धा तास गेलं की उंच इमारती संपतात आणि भाजीचे मळे लागतात, रोपवाटिका लागतात. तिथल्या एका अरुंद रस्त्यावर घोडेस्वारी शिकवणारा तबेला आहे. शनिवारी शिकणारे लोक घोडे घेऊन त्या रस्त्याने रांगेत फिरून येतात. आम्ही कोवळी भेंडी निवडत होतो. तेवढ्यात वळणावरून आप्पांची आरोळी आली.

"सापडली!"

धावत गेलो. मला वाटलं, कुणी पडलं. आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांच्या पायाशी लिदीचा एक ताजा, वाफाळता ढीग होता. घरचा गणपती आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"देवधर, पंच म्हणून सही करा."

पंचनामा जागच्या जागी झाला. 'आज रोजी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सदर रस्त्याच्या मध्यभागी घोडा या जनावराची लीद, अंदाजे अर्धं घमेलं, ताज्या स्थितीत आढळून आली. परिसरात सदर घोडा अगर मालक हजर नव्हता.' खाली मी सही केली. मंदारने नकार दिला. त्याचं म्हणणं, त्याला इथे अजून नोकरी करायची आहे.

परतताना बसमध्ये वादाला तोंड फुटलं.

"आप्पा, लीद म्हणजे गवतच की हो," मंदार म्हणाला. "एका पावसात विरून जाते. आणि इथे रोज पाऊस पडतो."

"इथे कुत्र्याचं कुणी काढायचं?"

"मालकाने. नाहीतर दंड होतो."

"मग कुत्र्याला एक कायदा आणि घोड्याला दुसरा? तो उंच आहे म्हणून?"

"पण स्वार घोड्यावर असतो. त्याने उतरून उचलायची म्हटली तर घोडा कोण धरणार?"

"ते त्याने चढायच्या आधी ठरवायचं," आप्पा म्हणाले. मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निकाल दिला, "ज्याचं घोडं, त्याची लीद!"

पुढचे तीन शनिवार आप्पांनी त्या वळणावर पहारा केला. दर वेळी मला नेलं, कारण माझ्याकडे गाडी नसली तरी इंग्रजी होतं. त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. ते घरी शीळ घालतात, असं त्यांची सून मला म्हणाली. चौथ्या शनिवारी तक्रार तयार झाली. दोन पानी, अकरा मुद्दे. सायकलवाले घसरण्याचा धोका, माश्या, 'परदेशी पाहुण्यांच्या मनावर होणारा परिणाम'. हा परदेशी पाहुणा म्हणजे ते स्वतः. मी भाषांतर केलं आणि आम्ही दोघे तबेल्यात गेलो.

तबेल्याच्या मालकीणबाई साठीच्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला टॉवेल. त्यांनी दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. आता भांडण होणार म्हणून आप्पांनी शर्ट नीट केला.

"अंकल," मॅडम म्हणाल्या, "यू आर राइट, लाह."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. "काय म्हणतात?"

"तुमचं बरोबर आहे म्हणतात."

"लगेच?"

मॅडमनी सांगितलं ते असं. बाकीचे घोडे तबेल्यातच मोकळे होऊन निघतात. हे काम एकट्या बिस्किटचं. बिस्किट म्हणजे त्यांचा सगळ्यात म्हातारा घोडा, चोवीस वर्षांचा. झाडाखालच्या त्या वळणावर आला की त्याला राहवत नाही. मागून बादली घेऊन चालायला त्यांच्याकडे जादा माणूस नाही. तेव्हा आजपासून बिस्किट रस्त्यावर येणार नाही. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

चौतीस वर्षांत आप्पांच्या एकाही नोटिशीची अंमलबजावणी पाच मिनिटांत झाली नव्हती. गावाकडे ते नोटीस देत, समोरचा नगरसेवकाकडे जाई, नगरसेवक फोन करी, आणि मग खरी मजा सुरू होई. इथे मजा सुरू होण्याआधीच संपली. मंदारने त्या संध्याकाळी जिलेबी आणली. आप्पांनी अर्धीच खाल्ली.

पुढच्या शनिवारी रस्ता आरशासारखा होता. आप्पा वळणावर जरा वेळ उभे राहिले, मग तबेल्याच्या फाटकाकडे गेले. घोड्यांची रांग बाहेर पडत होती. बिस्किट आतल्या कुंपणाशी उभा होता. पांढरट, गुडघे सुजलेला, खालचा ओठ लोंबलेला. रांग वळणाआड जाईपर्यंत तो मान उंच करून बघत राहिला. मग त्याने आपणच दोन पावलं टाकली. कुंपण आलं, तसा थांबला.

"रोज असंच करतो का हा?" आप्पांनी विचारलं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, गेल्या शनिवारपासून घोडे बाहेर निघाले की दर वेळी. त्याला वाटतं, आपल्याला विसरले.

आप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "देवधर, तक्रार मागे घेता येते का, विचारा."

मॅडम म्हणाल्या, मागे कशाला, तक्रार बरोबरच आहे. रस्त्यावर घाण नकोच. पण माणूस कुठून आणू?

"त्यांना सांगा," आप्पा म्हणाले, "की माणूस मिळाला."

मी भाषांतर करण्याआधीच मॅडमना कळलं. त्यांनी कोपऱ्यातून एक फावडं आणि बादली आणून आप्पांच्या हातात दिली, आणि स्वतः बिस्किटवर खोगीर चढवलं.

असे आम्ही निघालो. पुढे मॅडम, बिस्किटचा लगाम धरून चालत. मागे पांढऱ्या शर्टातले आप्पा, फावडं छत्रीसारखं काखेत मारून. त्यांच्या मागे मी, काय पाप केलं होतं या विचारात. वळणावर झाडाखाली बिस्किट थांबला, शेपटी उचलली, आणि आपलं काम मन लावून केलं. तबेल्याकडे परतणारी एक स्वार मुलगी घोड्यावरूनच ओरडली, "वेल डन, बिस्किट!"

आप्पा पुढे झाले. फावडं घातलं, ते वरवर गेलं. पुन्हा घातलं, अर्धी लीद आली आणि बादलीपर्यंत पोचायच्या आत बुटावर पडली. मी म्हणालो, "आप्पा, द्या इकडे."

"हात लावू नका!"

इतक्या जोरात ते कधी ओरडले नव्हते. मी मागे झालो. पाच-सात खेपांत रस्ता साफ झाला. आप्पा कमरेवर हात ठेवून सरळ झाले, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि घाम पुसू लागले. मॅडम घोड्याला घेऊन पुढे गेल्या.

"आमच्या गावात टांगा स्टँड होता," ते म्हणाले. "तिथे शेवंताबाई म्हणून झाडूवाली होती. एक दिवस हजेरीला आली ती थेट माझ्या टेबलापाशी. म्हणाली, साहेब, घोडी टांगेवाल्यांची, मग लीद मी का उचलू? ज्याचं घोडं त्याची लीद. त्यांना सांगा."

ते वाक्य त्यांचं नाही, हे मला तेव्हा कळलं.

"टांगेवाल्यांची युनियन होती. तिचं कोण होतं? मी म्हटलं, त्यांचं काम टांगा हाकायचं, तुझं काम झाडायचं. त्या दिवशी तिने स्टँड तसाच ठेवला. मी तिचा खाडा मांडला. दुसऱ्या दिवशी आली आणि उचलायला लागली. पुढे रिटायर होईपर्यंत उचलत होती. मी रोज स्टँडच्या कडेला उभा राहून 'तिकडं राहिलं, तिकडं राहिलं' म्हणायचो." त्यांनी बादलीकडे बघितलं. "चौतीस वर्षं 'उचला' म्हणत आलो, देवधर. जड असते हो ही. ओली असली की फार जड असते."

शेवंताबाईंचा फोन नंबर मिळवायला त्यांना आठवडा लागला. जुना मुकादम, मुकादमाचा जावई, असं करत करत मिळाला. फोन त्यांनी माझ्या घरून लावला, मंदारसमोर नको म्हणून. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावायला सांगितला. मी चहाच्या निमित्ताने आत निघालो, तर त्यांनी मनगट धरून मला शेजारी बसवलं.

"शेवंताबाई का? मी कोठावळे बोलतोय."

"कोन कोठावळे?"

"नगरपालिकेतला. सॅनिटरी."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग म्हातारा, घाबरलेला आवाज आला, "सायेब? काय चुकलं का माझं?"

आप्पांनी डोळे मिटले. "नाही, नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?"

साहेब आपल्याला 'तुम्ही' म्हणताहेत हे तिच्या ध्यानात आलं असावं. आवाज जरा सैल झाला. "बरी हाय की. तुमी कुटं असता?"

"सिंगापूरला. मुलाकडे." त्यांनी घसा खाकरला. अकरा मुद्द्यांची तक्रार लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचत नव्हतं. "शेवंताबाई, मी इथे लीद उचलतो. घोड्याची. शनिवारी."

"आँ? तुमास्नी कुनी लावलं ह्या कामाला?"

"कुणी नाही. मीच. तुम्ही तेव्हा आला होता ना माझ्याकडे, टांगा स्टँडचं सांगायला. तुमचं बरोबर होतं. एवढंच सांगायचं होतं."

आत कुठेतरी तिच्या घरातला कुकर शिट्टी देऊन गेला. आता ती रागावेल, रडेल, नाहीतर फोन ठेवेल, असं मला वाटलं. आप्पांनाही तसंच वाटलं असावं. ते फोनसमोर खुर्चीच्या कडेवर आले होते.

"सायेब," ती म्हणाली, "वाकून उचलता का बसून?"

"अं? वाकून."

"वाकू नगा. बसून उचला. बादली जवळ घ्या आनि फावडं भुईला सपाट घाला. वाकून वाकून माजी कंबर गेली, तवा कुनी सांगाय न्हवतं मला."

पुढच्या शनिवारी बिस्किट झाडाखाली थांबला. आप्पांनी पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढली, बादली जवळ घेतली, आणि भर रस्त्यात उकिडवे बसले.