गॅलरीतले व्याख्याते

टेंबे सर दाराशी आलेल्या दूधवाल्यालाही 'उपस्थित रसिकहो' असंच म्हणायचे. दूधवाला एकटा असे, आणि रसिक तर मुळीच नसे.

बदलापुरात हेंद्रेपाड्याला ते माझ्या समोरच्या घरात राहतात. पेशा व्याख्यानांचा. विषय एकच, 'आनंदी कसं जगावं'. त्यावर बोलून त्यांनी गावोगावच्या व्याख्यानमालांत लोकांना वर्षानुवर्षं दमवलं. स्वतः मात्र चहात साखर कमी पडली तरी दिवसभर फुगून बसत. सत्काराचा सोस एवढा, की कपाट उघडलं की शाली अंगावर पडत.

मग कोरोना आला. सभागृहांना कुलपं लागली. आम्हाला वाटलं, या साथीत एवढं तरी बरं झालं. कसलं काय! थोड्याच दिवसांत सर गॅलरीत उभे राहून समोरच्या विंगेला 'संकट हीच संधी' समजावू लागले, तेही ऐन दुपारच्या झोपेच्या वेळी. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. सरांच्या मते, श्रोते तल्लीन झाले होते. अंबरनाथच्या एका मंडळासाठी ते ऑनलाइनही बोलले, आवाज बंद ठेवून, तासभर. कुणीही त्यांना तसं कळवलं नाही. त्यांचं एवढं सुसह्य व्याख्यान आधी झालं नव्हतं.

शेवटी सोसायटीने तक्रार करायला मला पाठवलं. दार उघडंच होतं. सर खुर्चीत बसले होते, फोन स्पीकरवर होता. त्यांनी मला हातानेच बसायला सांगितलं.

फोनवर उल्हासनगरचा लच्छू होता. व्याख्यानमालांना माइक लावणारा. सर त्याला भर स्टेजवरून झापायचे. त्याची बायको कोरोनाने गेल्याचं मला तिथेच कळलं. हॉस्पिटलमधून तिला परस्पर स्मशानात नेलं होतं, त्याला तिचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. कामधंदा बंद, तरी तो रोज माइकच्या वायरी सोडतो आणि परत गुंडाळतो, असं सांगत होता.

"वायर बायकोच गुंडाळायची, सरजी. मेरे से वैसा गोल होताच नहीं."

"हं. मग?" सर म्हणाले.

बराच वेळ ते एवढंच म्हणत राहिले. एकही सुविचार नाही.

फोन ठेवल्यावर तक्रारीचं राहूनच गेलं. हे रोज चालतं का, एवढंच मी विचारलं.

"रोज. त्याला बोलायला कोणी नाही." सरांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या दिवशी त्याला आनंदी राहा म्हणून सांगायलाच फोन केला होता. जीभ उचलेना."