बाई चौतीस सांगतात

कात्री चालवण्यात माझा हात धरणारा आमच्या चित्रकलेच्या वर्गात कुणी नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दिवसा मी विमा कचेरीतला कारकून आणि संध्याकाळी चित्रकार! चित्रकार म्हणजे, दीड वर्ष मी एक बरणी आणि दोन सफरचंदं काढत होतो. सर बरणी इकडची तिकडे सरकवायचे, मी पुन्हा काढायचो. त्यामुळे सरांनी कोलाज शिकवायला घेतल्यावर मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कागद कापायचे आणि चिकटवायचे! यात न येण्यासारखं काय आहे?

पहिल्याच दिवशी मी सोळा मासिकं कापून एक भव्य चित्र सादर केलं. सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

"हे काय विकतंय?"

"काही नाही सर. हे माझं अंतर्मन आहे."

"मग मध्ये साबण का दिसतोय? अहो, यात तुमचं काय आहे? सगळं मासिकाचं! शनिवारी प्रदर्शन आहे. तोवर तुमची स्वतःची शैली दिसली तर चित्र भिंतीवर लागेल. नाहीतर सोमवारपासून परत बरणी!"

त्या बरणीचं तोंड मला पुन्हा पाहायचं नव्हतं. शैली शोधायला माझ्याकडे चार दिवस होते.

मी राहतो मोठ्या बहिणीकडे. ताई बायकांचे कोट शिवते. तिच्या शिलाईच्या खोलीत मी एरवी फक्त चहाचा कप घेऊन डोकावतो. पण त्या दिवशी डोकावलो आणि दारामागच्या खिळ्याला लटकलेली खाकी कागदांची जुडी दिसली. काय ते आकार! कुठे डौलदार वळसा, कुठे टोक, कुठे अर्धचंद्र! ताईनं कापून टाकलेलं भंगार असणार, असं मी ठरवूनच टाकलं. ती बटणं आणायला गेली होती, म्हणून विचारायचं राहिलं.

दोन दिवस मी झपाटल्यासारखा चिकटवत होतो. कात्रीला काही कामच नव्हतं, तुकडे आयते सुंदर होते. एकावर पेन्सिलीनं चारदोन ओळी खरडलेल्या होत्या, त्या मी मुद्दाम तिरक्या करून ऐन मध्यभागी लावल्या. सर चित्र बघून चक्क उठून उभे राहिले! "ही शैली!" ते म्हणाले. मी कृतार्थ होऊन घरी आलो.

घरी ताई कपाटाखाली डोकं घालून बसली होती.

"खिळ्यावरचा साचा पाहिलास का रे? मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाचा! आज कापड कापायचंय."

"साचा म्हणजे... खाकी?"

"खाकी."

"ताई," मी म्हणालो, "तो आता कला झालाय."

पुढची दहा मिनिटं ताई जे बोलली ते इथे लिहीत नाही.

"पुन्हा माप घे ना," मी सुचवलं.

"बाईंचं? टेप दिसली की त्या श्वास रोखून धरतात! मागच्या वेळी खरं माप मिळायला दोन तास लागले. गप्पांत गुंगवून घेतलंय मी ते! माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक आहे. साचा परत आण!"

"चित्र परत आणलं तर मला बरणी, ताई!"

शेवटी तोड निघाली. शनिवारी प्रदर्शन उघडायच्या आधीच ताई पातळ कागद, पेन्सिल आणि टेप घेऊन सभागृहात शिरली, स्टुलावर चढली आणि माझ्या चित्रावरून साचा उतरवून घेऊ लागली. बाहीचा मुंढा झाला, कॉलर झाली. सर लांबून भारावून पाहत होते. "एवढ्या बारकाईनं चित्र बघणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही!"

तेवढ्यात ताईचा हात थबकला.

"हा तुकडा का लावलास?"

"अक्षरांचा पोत छान आहे."

"वाचलंस काय लिहिलंय?"

"मजकूर वाचायचा नसतो ताई, बघायचा असतो. सरांनीच शिकवलंय."

ताईनं मान वाकडी करून दबक्या आवाजात वाचलं, "मुख्याध्यापिकाबाई. कंबर: बाई चौतीस सांगतात. खरी एकेचाळीस. बोलू नये."

माझी पाचावर धारण बसली. मी तो तुकडा ओरबाडायला हात घातला, पण माझा डिंक अव्वल दर्जाचा होता! आणि तेवढ्यात सरांचा आवाज घुमला, "आपल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका!"

टाळ्या झाल्या. सरांनी बाईंना थेट माझ्या चित्रापुढे आणलं. "हा आमचा नवा शोध!"

बाईंना मुलींचं वाईट अक्षर वाचायची तीस वर्षांची सवय. त्यांनी मान डावीकडे कलती केली. त्यांचं बघून सरांनी केली. मग मागच्या चाळीस माणसांनी केली. सभागृहात सरळ मानेचे आम्ही दोघंच, मी आणि स्टुलावरची ताई.

बाईंची मान सावकाश सरळ झाली.

"हे चित्र मी घेतेय," त्या म्हणाल्या. "आत्ता. गुंडाळून द्या."

"पाहिलंत!" सर ओरडले. "पहिल्याच दिवशी विकलं गेलं!"

"बाई," ताई चाचरत म्हणाली, "डावी बाही तेवढी उतरवायची राहिलीय..."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "उतरवा. आणि कंबर एकेचाळीसच धरा. सहा वर्षं मी चौतीसच्या हट्टापायी श्वास कोंडून फिरतेय!"

माझा जीव भांड्यात पडला. बरणी गेली! सरांनी मला वरच्या वर्गात घेतलं आणि म्हणाले, "याच शैलीत अजून दहा चित्रं हवीत."

पण ही बातमी गावभर झाली. ताईची गिऱ्हाइकं घाबरीघुबरी होऊन आपापले साचे घरी घेऊन गेली. उरलेले ताईनं कुलुपात घातले.

"आता मी काय चिकटवू?" मी रडवेला झालो.

"सरळ उभा राहा," ताई म्हणाली आणि गळ्यातली टेप काढली. "तुझ्याच मापाचे कापून देते."

मी इमानदारीत उभा राहिलो, श्वासही रोखला नाही. आठवडाभर खपून नवं चित्र सरांपुढे ठेवलं. सर पाच पावलं मागे गेले, एक डोळा मिटला.

"शैली तुमचीच आहे, वादच नाही," ते म्हणाले. "पण या वेळी रचना मध्येच जरा फुगलीय."

मी घाईघाईनं पोट आत घेतलं. चित्रात काही फरक पडला नाही!